आदेश हातात आहे, पोटगी खात्यात नाही: मुलांची थकीत पोटगी कोर्टातून कशी वसूल करायची

"ताई, वॉरंट काढतो, पण पाठवू कुठं?"

तालुक्याच्या कोर्टातल्या क्लार्कनं हे विचारलं तेव्हा मला रागच आला होता. आदेश कोर्टाचा, रक्कम कोर्टानं ठरवलेली, आणि माणूस कुठं सापडेल ते मी सांगायचं? पण मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या आडत दुकानात खतावणी लिहिते. दिवसभर दुसऱ्यांच्या उधाऱ्या बघत असते. संध्याकाळी घरी येताना डोक्यात प्रकाश पडला, की आमच्या शेठजींचा वसुलीचा माणूससुद्धा निघताना हेच विचारतो. कोण देणं लागतो हे वहीत असतंच. तो कुठं बसतो, त्याच्या हातात पैसा कधी येतो, हे कळल्याशिवाय वसुली होत नाही.

पोटगीचंही तसंच आहे. निकाल लागला की कोर्टाचं काम संपतं. पैसे आले नाहीत तर कोर्ट आपणहून फोन करत नाही. तुम्ही अर्ज द्यायचा आणि अर्जात पत्ता द्यायचा, की वॉरंट त्या पत्त्यावर जातं. मी वकील नाही. दोन मुलांच्या पोटगीसाठी चार वर्षं विट्याच्या आणि सांगलीच्या एसट्या केल्या, त्यातून जे कळलं ते इथं लिहिते आहे. तुमचा कागद एकदा वकिलांना दाखवाच. पण दाखवायला जाताना काय घेऊन जायचं, हे आधी माहीत असलेलं बरं.

आधी तुमचा आदेश कोणत्या जातीचा आहे ते बघा

बऱ्याच जणी "माझ्याकडे कोर्टाचा कागद आहे" म्हणतात आणि पिशवीतून शंभराचा स्टॅम्पपेपर काढतात. गावच्या बैठकीत लिहिलेला, दोन पंचांच्या सह्या, खाली नोटरीचा शिक्का. त्यावर "मुलांसाठी दरमहा इतके देईन" असं असतं. हा कोर्टाचा आदेश नाही. यावर थेट वॉरंट निघत नाही. पण मुलाचा हक्क त्यामुळे बुडत नाही. आईनं कुठल्याही कागदावर "मला मुलांसाठी काही नको" असं लिहून दिलं असलं तरी मुलाचा हक्क मुलाचाच राहतो, आणि त्याच्या वतीनं पोटगीचा नवा अर्ज करता येतो. म्हणजे अशा वेळी वसुलीच्या आधी एक पायरी जास्त.

खरा आदेश असेल तर तो साधारण तीनपैकी एका प्रकारचा असतो.

पहिला, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ चा. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि १२५ चं १४४ झालं. आदेश जुन्या क्रमांकाचा असला तरी घाबरू नका, क्रमांक बदलला, आदेश तसाच चालतो. हे कलम सगळ्या धर्मांना लागू आहे, आणि घटस्फोट झाला म्हणून मुलांची पोटगी थांबत नाही. माझा आदेश याच जातीचा.

दुसरा, घटस्फोटाच्या हुकूमनाम्यातच मुलांची रक्कम लिहिलेली असते. हिंदू विवाह कायद्याचं कलम २६, किंवा कलम १३ ब प्रमाणे संमतीनं घटस्फोट घेताना दिलेल्या अटी. इथं एक गोष्ट बारकाईनं बघा. त्या अटी हुकूमनाम्याचा भाग झाल्या आहेत का, की फक्त वेगळ्या समझोत्याच्या कागदावर राहिल्या आहेत? हुकूमनाम्यात असतील तर वसुली दिवाणी मार्गानं होते. आपल्याकडे त्याला सरळ "दरखास्त" म्हणतात. दरखास्त दाखल करायची म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी मागायची.

तिसरा, घरगुती हिंसाचार कायद्याखालचा आर्थिक मदतीचा आदेश. याचा एक मोठा फायदा आहे, तो पगाराच्या मुद्द्यात सांगते.

आदेशाची नक्कल नसेल तर आधी ती काढा. १४४ च्या आदेशाची प्रत ज्यांच्या बाजूनं आदेश झाला त्यांना फी न घेता द्यायची, असं कलम १४७ मध्येच आहे. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आमच्या गल्लीत छातीएवढं पाणी होतं, माझी फाईल कपाटाच्या खालच्या कप्प्यात होती आणि तिचा लगदा झाला. आता एक झेरॉक्स भावाकडे मिरजेला असते आणि मोबाइलमध्ये फोटो. शिवाय सीएनआर क्रमांक, म्हणजे प्रत्येक प्रकरणाला कोर्ट देतं तो सोळा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक, टिपून ठेवा. ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये तो टाकला की पुढची तारीख आणि आदेश घरबसल्या दिसतात, तारीख विचारायला कोणाच्या पाया पडावं लागत नाही.

एक वर्ष: ही मर्यादा मी हुकवली, तुम्ही हुकवू नका

१४४ खाली वसुलीचं वॉरंट हवं असेल तर रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज झाला पाहिजे. हे कलमातच लिहिलं आहे. मला ते कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

आदेशात दरमहा दहा तारखेच्या आत, प्रत्येक मुलाला चार हजार, असे आठ हजार होते. पहिले सहा महिने आले. मग बंद. मोठे दीर फोन करून म्हणाले, "वहिनी, जरा थांबा, द्राक्षाचं बिल आलं की मी स्वतः भरायला लावतो." द्राक्षाचं बिल आलं. मग बेदाण्याचा सौदा व्हायचा होता. मग पाऊस झाला आणि बाग गेली. ते खोटं बोलत होते असं मी म्हणणार नाही, बाग खरंच गेली होती. पण माझे चौदा महिने त्यात गेले. थकबाकी झाली १ लाख १२ हजार, आणि अर्ज दाखल केला तेव्हा पहिले दोन महिने वर्षापलीकडे गेलेले होते. त्या सोळा हजारांवर वॉरंट निघालं नाही. धाकट्याच्या शाळेची वर्षाची फी त्यात निघाली असती.

तेव्हा नियम साधा ठेवा. तीन हप्ते चुकले की अर्ज. नातेवाइकांचं बोलणं चालू द्या, चहा पाजा, पण अर्ज दाखल करून मग पाजा. एकदा अर्ज वेळेत दाखल झाला आणि तो चालू असला, की पुढच्या महिन्यांची थकबाकी त्याच प्रकरणात वाढवून मागता येते. दर वेळी नवा अर्ज लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये स्पष्ट केलं आहे. फक्त तो अर्ज जिवंत ठेवायचा. गैरहजर राहून निकाली निघू द्यायचा नाही.

हुकूमनाम्याच्या दरखास्तीला मुदत बरीच जास्त आहे, बारा वर्षं, आणि दरमहाच्या रकमेसाठी ती त्या त्या हप्त्याच्या तारखेपासून मोजतात. म्हणून दरखास्तवाल्या जणींना एवढी घाई नसते. पण थकबाकी जितकी मोठी, तितका समोरचा "एवढे कुठून देऊ" म्हणायला मोकळा, हे दोन्हीकडे सारखंच.

थकबाकीचा तक्ता

अर्जाबरोबर हिशोब लागतो. वकील करतातच, पण त्यांच्याकडे अशी पन्नास प्रकरणं असतात आणि चूक झाली तर तारीख आपली जाते. मी दुकानातल्या उधारीच्या वहीसारखा तक्ता केला. पाच रकाने: कोणत्या महिन्याची पोटगी, देय तारीख, देय रक्कम, जमा रक्कम व जमा झाल्याची तारीख, बाकी. उदाहरणार्थ, "जून, १० जून, ८,०००, ३,००० (२२ जून), ५,०००". शेवटी एकूण बाकी आकड्यात आणि अक्षरात.

यात एक खोच आहे. मध्येच कधी त्यांनी दोन हजार मुलाच्या हातात ठेवले, सायकल घेऊन दिली, दिवाळीला कपडे आणले. समोरून हे सगळं "पोटगी दिली" म्हणून मांडलं जातं. खात्यावर आलेले पैसे प्रामाणिकपणे तक्त्यात दाखवा, लपवलं तर उलटतपासणीत आपणच उघडे पडतो. कपडे आणि सायकल ही बापाची हौस, ती हप्त्यात धरायची की नाही ते कोर्ट ठरवेल. म्हणून पहिल्या दिवसापासून मुलांच्या नावानं वेगळं खातं उघडा आणि पोटगी फक्त त्यातच घ्या. रोख घेऊ नका. पासबुक भरून घेतलं की तुमचा पुरावा तिथंच तयार असतो: ज्या महिन्यात नोंद नाही, त्या महिन्यात पैसे नाहीत.

अर्ज कुठं, खर्च किती

ज्या कोर्टानं आदेश दिला तिथं अर्ज करणं सगळ्यात सोपं, कारण मूळ फाईल तिथंच असते. पण १४४ चा आदेश, समोरचा माणूस जिथं असेल तिथल्या कोणत्याही दंडाधिकाऱ्यामार्फत अमलात आणता येतो, हेही कलम १४७ सांगतं. दरखास्त असेल तर ती दुसऱ्या जिल्ह्यातल्या कोर्टाकडे वर्ग करून घेता येते. मुलं अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालची, असतील तर अर्ज त्यांच्या नावानं आणि "अ. पा. क. आई" म्हणून तुमची सही. अ. पा. क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता.

खर्चाला घाबरून बऱ्याच जणी घरी बसतात, म्हणून हे जरा ठळक सांगते. महाराष्ट्रात १९९४ पासून पोटगीच्या प्रकरणात स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे. आणि वकील मोफत मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७, कलम १२ प्रमाणे स्त्री आणि मूल यांना मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. पगारदार असलात तरी मिळतो. सांगलीत विजयनगरला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात साधा अर्ज करायचा, तालुक्याला तालुका विधी सेवा समिती असते. फोनवर विचारायचं असेल तर १५१०० हा देशभराचा क्रमांक आहे. मोफतचा वकील लक्ष देत नाही असं बायका म्हणतात. माझा अनुभव असा, की तक्ता, नक्कल, पत्ता असं सगळं तयार घेऊन गेलं की वकील मोफतचा असो की फीचा, काम सारखंच पटकन करतो.

पत्ता: इथंच सगळं अडतं

अर्जावर समोरच्याचा पत्ता म्हणून लग्नपत्रिकेतला गावचा पत्ता टाकला जातो. समन्स जातं, बेलीफ जातो, सासू दारात येऊन म्हणते, "तो इथं नसतो, कुठं असतो आम्हाला ठावं नाही." बेलीफ अहवाल देतो, पुढची तारीख दीड महिन्यानं. असे माझे आठ महिने गेले. क्लार्कचा तो प्रश्न त्यानंतरचा.

मग मी तीन प्रश्न वहीत लिहिले. हा माणूस झोपतो कुठं? याला पैसे कोण देतं? याच्या नावावर काय आहे? यातल्या एकाचं तरी पक्कं उत्तर असल्याशिवाय वॉरंट काढू नका, ते रिकामंच परत येतं.

नावावर काय आहे, हे सगळ्यात सोपं. गाव आणि गट क्रमांक माहीत असेल तर सातबारा घरबसल्या बघता येतो, आणि डिजिटल सहीचा उतारा पंधरा रुपयांत निघतो. गट क्रमांक माहीत नसेल तर खातेदाराच्या नावानं शोधता येतं. आठ-अ काढला तर गावातलं त्याचं सगळं क्षेत्र एका कागदावर येतं. "मी बेकार आहे, उत्पन्न शून्य" असं शपथपत्रावर लिहिणाऱ्या माणसाच्या सातबाऱ्यावर पीकपाहणीत ऊस लागलेला दिसला, की न्यायाधीश दोन्ही कागद शेजारी ठेवून बघतात. फेरफार, म्हणजे जमिनीच्या मालकी बदलाच्या नोंदीही बघा. आदेशानंतर जमीन आईच्या किंवा भावाच्या नावानं बक्षीसपत्रानं गेली असेल तर वकिलांना लगेच सांगा, देणं चुकवायला केलेला व्यवहार आव्हान देण्याजोगा असतो.

वसुलीचं वॉरंट दोन तऱ्हेनं निघतं. एक, जंगम म्हणजे हलवता येणारी मालमत्ता जप्त करून विकायची. दुसरं, जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायचं आणि रक्कम जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल करायची, तेव्हा जमिनीवरही हात टाकता येतो. दुसरा रस्ता तहसील कार्यालयातून जातो आणि वेळ घेतो. पण तलाठ्याची नोटीस दारात आली की घरातले मोठे माणूस जागे होतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. शेतकरी घरात सातबाऱ्यावर बोजा चढणं हे पकड वॉरंटापेक्षा जास्त लागतं.

पैसे कोण देतं, हा दुसरा प्रश्न. आपल्या भागात याची उत्तरं ठरलेली आहेत. ऊस असेल तर कारखाना. कारखान्याकडून त्याला येणं असलेलं ऊसबिल हे त्याचं येणं आहे, आणि दरखास्तीत ते जप्त करायला मागता येतं. कोणत्या कारखान्याला ऊस जातो हे गावात कुणालाही विचारा. पण वेळ साधा. बिल खात्यावर जमा होऊन दुसऱ्या दिवशी निघून गेल्यावर अर्ज करून उपयोग नाही. गळीत हंगाम सुरू होतानाच अर्ज तयार हवा.

नोकरी असेल तर गोष्ट सोपी. कुपवाडच्या एमआयडीसीतला कामगार असो, जिल्हा परिषदेचा शिक्षक असो की एसटीचा चालक, दरखास्तीत पगार जप्तीचा अर्ज करायचा. साध्या कर्जाच्या वसुलीत पगारातला बराच भाग सुरक्षित असतो, पण पोटगीच्या हुकूमनाम्यात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे पगाराचा फक्त एक तृतीयांश भाग जप्तीतून सुटतो. म्हणजे दोन तृतीयांशापर्यंत जप्ती लागू शकते. ज्या अधिकाऱ्याच्या सहीनं पगार निघतो त्याचं पद आणि कार्यालयाचा पूर्ण पत्ता अर्जात द्या, "अमुक कंपनी, सांगली" एवढं पुरत नाही. आणि आदेश घरगुती हिंसाचार कायद्याचा असेल तर कलम २०(६) खाली कोर्ट मालकाला सांगू शकतं, की पगारातली अमुक रक्कम थेट हिच्या खात्यात किंवा कोर्टात भरा. मघाशी म्हटलं तो फायदा हाच.

फौजी असेल तर मात्र वेगळं. सातारा जिल्ह्यातल्या ताईंनी हे नीट वाचा, तुमच्याकडे घरटी एक माणूस सैन्यात असलेली गावं आहेत. सैन्यातल्या माणसाचा पगार दिवाणी कोर्टाच्या जप्तीतून सूट असलेला आहे. तिथं पगार जप्तीची दरखास्त लावून वर्ष घालवू नका. त्याऐवजी सेना कायदा, १९५० मध्येच बायको-मुलांच्या पोटगीसाठी पगारातून कपात करण्याची तरतूद आहे. आदेशाची नक्कल जोडून त्याच्या युनिटच्या कमांडिंग ऑफिसरकडे अर्ज करायचा, तो रजिस्टर पोस्टानं. युनिटचा पत्ता कळत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारणा करता येते.

आणि झोपतो कुठं? माझा प्रश्न हा होता. आमच्या खानापूर-आटपाडीकडची निम्मी माणसं गलाईच्या धंद्यात, सोनं-चांदी गाळायला कोइंबतूरपासून दिल्लीपर्यंत पसरलेली. माझा माणूस तामिळनाडूत कुठल्या तरी गल्लीतल्या दुकानात. मालक गावचाच, कामगार गावचेच, पत्ता कोण सांगणार? तिथल्या कोर्टात जायचं कायद्यानं शक्य होतं, पण दोन पोरं घेऊन, भाषा येत नसताना, जाणार कशी?

उत्तर आमच्या आईनं दिलं. ती भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "यात्रेला येईल की. पालखीला खांदा द्यायला त्यांच्या घराचा मान आहे." गलाईवाला वर्षभर कुठंही असो, गावच्या यात्रेला येतोच. मी वकिलांना यात्रेची तारीख सांगितली. वसुली वॉरंट आधीच रिकामं परत आलेलं होतं, त्यामुळे आता पकड वॉरंट मागता येत होतं. वकिलांनी अर्जात तेच लिहिलं: सामनेवाला अमुक तारखेस यात्रेसाठी गावी येणार असल्याची खात्रीशीर माहिती आहे. वॉरंट हातबटवड्यानं, म्हणजे आपणच हातोहात, पोलीस ठाण्याला पोचवायची परवानगी घेतली. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदार गेले. दाढीला साबण लावलेला होता म्हणे, तसाच टॉवेलनं तोंड पुसत बाहेर आला. दुपारी कोर्टात हजर. चार वाजेपर्यंत भावकीनं चाळीस हजार गोळा करून भरले.

मला त्या दिवशी आनंद झाला नाही. मोठ्याला शाळेत कोणीतरी सांगितलं, "तुझ्या पप्पांना पोलिसांनी नेलं." तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. हे होतं, आणि याची तयारी ठेवा. मुलांना आधी स्वतः सांगा, गावाकडून कळू देऊ नका.

वॉरंट, तारखा आणि तुरुंग

क्रम असा असतो. अर्ज, मग समोरच्याला नोटीस, त्याचं म्हणणं. मग वसुली वॉरंट. ते बजावूनही रक्कम बाकी राहिली, तर कैद. कलमाचे शब्द असे आहेत, की न भरलेल्या प्रत्येक महिन्याच्या पोटगीसाठी एक महिन्यापर्यंत, किंवा त्याआधी पैसे भरले तर भरेपर्यंत. अनेक महिने थकले असता एकूण किती काळ ठेवता येतं यावर वेगवेगळे निकाल आहेत, ते वकिलांना विचारा.

"जेल भोगली, आता देणं फिटलं" असं समोरचे छातीठोक सांगतात. खोटं आहे. कैद ही पैसे भरायला लावण्यासाठी असते, त्यानं रक्कम माफ होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं फार पूर्वीच सांगितलं आहे. बाहेर आल्यावरही बाकी तेवढीच.

बहुतेक वेळा तुरुंगापर्यंत जातच नाही. माणूस हजर होतो, थोडे भरतो, बाकीला हप्ते मागतो. इथं तुमच्यासमोर पुरसीस येते, म्हणजे दोन्ही बाजूंनी कोर्टाला लेखी कळवायचं, की इतकी रक्कम मिळाली. पुरसीस वाचल्याशिवाय सही करू नका. माझ्यापुढं आलेल्या पहिल्या पुरसीशीत "थकबाकीबाबत तक्रार राहिली नाही" असं वाक्य होतं. मी वकिलांना ते खोडायला लावलं आणि लिहून घेतलं: "रु. ४०,००० मिळाले, उर्वरित रु. ५६,००० व पुढील देय रकमेबाबत हक्क राखून." हे वाक्य पाठ करा. हप्ते मान्य करायचे असतील तर प्रत्येक हप्त्याची तारीख आणि चुकला तर वॉरंट पुन्हा सुरू, हे त्यात यायला हवं.

लोकअदालतीतही असे समझोते होतात. वाईट नाही, लवकर पैसा येतो. पण तिथं घाईनं थकबाकीत सूट द्यायला सांगितलं जातं. तुमच्या पोटगीत काय सोडायचं ते तुम्ही ठरवा. मुलांच्या पोटगीत सूट द्यायचा अधिकार आपला आहे का, हा प्रश्न मी तिथल्या मॅडमना विचारला होता, त्या हसल्या आणि त्यांनी आकडा पुन्हा वर नेला.

समोरून वरच्या कोर्टात जाण्याची धमकी येते. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावर सत्र न्यायालयात फेरतपासणी अर्ज करता येतो, कुटुंब न्यायालयाचा आदेश असेल तर उच्च न्यायालयात. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं आहे आणि सांगली, सातारा दोन्ही जिल्हे त्यात येतात, त्यामुळे मुंबईच्या खेपा वाचल्या. पण नुसता अर्ज दाखल केल्यानं वसुली थांबत नाही. स्थगितीचा आदेश दाखवा म्हणा. तो नसेल तर आपलं वॉरंट चालू.

समोरून येणारी कारणं

"पोरं माझ्याकडे पाठवा, मग पोसतो." ताबा हा वेगळा अर्ज. त्यासाठी पोटगी अडवता येत नाही.

"मला पोरांना भेटू देत नाही." भेटीचा आदेश असेल तर तो पाळा, आणि खरोखर पाळा. पैसे येत नाहीत म्हणून भेट बंद करणं ही आपल्या बायकांची नेहमीची चूक आहे, राग समजतो पण पुढच्या तारखेला समोरचा वकील त्यावरच बोलत बसतो.

"तिनं दुसरं लग्न केलं." तिच्या स्वतःच्या पोटगीवर त्याचा परिणाम होईल. मुलांच्या नाही.

"उत्पन्नच नाही." मग दोघांनीही मालमत्ता आणि देण्याचं सविस्तर शपथपत्र द्यायचं. रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालापासून पोटगीच्या प्रकरणात ते बंधनकारक आहे. बँक खाती, वाहनं, कर्ज, राहणीमान, सगळं त्यात लिहावं लागतं. तुम्हालाही. दुकानातला पगार मी रुपयासकट लिहिला होता.

रक्कम वाढवायची असेल

आदेश झाला तेव्हा मोठा दुसरीत होता, आता आठवीत आहे. चार हजार तेच. परिस्थिती बदलली की कलम १४६ खाली रक्कम वाढवून मागता येते, हुकूमनामा असेल तर त्या कोर्टात बदलाचा अर्ज. वसुलीचा आणि वाढीचा अर्ज वेगळा ठेवा, एकात घातला की वसुली वाढीच्या वादात अडकते. १४४ ची पोटगी साधारण मूल सज्ञान होईपर्यंत. अविवाहित मुलगी मात्र स्वतःचं पोट भरू शकत नसेल तर हिंदू दत्तक व पोटगी कायद्याच्या कलम २० प्रमाणे अठरानंतरही वडिलांकडे मागू शकते, त्यासाठी वेगळा दावा लागतो.

माझे उरलेले ५६ हजार सात हप्त्यांत आले. शेवटचे दोन उशिरा. आता दर महिन्याच्या अकरा तारखेला, दुकान उघडायच्या आधी, मी बँकेत पासबुक भरून घेते. नोंद नसेल तर वहीत त्या महिन्यासमोर लाल पेननं तारीख लिहिते. दोन लाल तारखा झाल्या की वकिलांना फोन, तिसरीला अर्ज. यंदाची यात्रा चैत्रात आहे, तीही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे.